वरच्या कप्प्यातलं पिस्तूल

चि. बंटीस,



दसऱ्याला तू घरच्या ग्रुपवर पाटावरच्या पूजेचा फोटो टाकलास. लॅपटॉप, गाडीची किल्ली, थोरल्याचं व्हायोलिन, छकुलीची पाटी आणि या सगळ्यांच्या मधोमध हळदकुंकू वाहिलेलं काळं पिस्तूल. खाली नमस्कारांची रांग लागली. तुझ्या आईनं "छान मांडणी" असं लिहिलं. ताईला ते बहुधा दिवाळीचं टिकल्यांचं पिस्तूल वाटलं असावं. मी फोटो मोठा करून पाहिला. मॅगझिन आतच होतं, आणि छकुली पाटाला टेकून बसली होती.

रात्री फोन केला तर "मावशी, एरवी ते कपाटात वरच्या कप्प्यात असतं, कुणाचा हात पोचत नाही" म्हणालास आणि विषय बदललास. फोनवर तुझ्यापुढे कुणाचं काही चालत नाही, म्हणून पत्र लिहिते आहे.

आधी माझं मत सांगून टाकते, म्हणजे ते पत्रभर आडून आडून यायला नको. माझ्या हातात असतं तर ते मी तुला विकून टाकायला लावलं असतं. इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, बालरोगतज्ज्ञांची संघटना वर्षानुवर्षं तेच सांगते आहे: मुलं असलेल्या घरात बंदूक नसणंच सर्वांत सुरक्षित. पण तू ते का घेतलंस तेही मला ठाऊक आहे. दिवाळीच्या सुमारास आपल्या लोकांची घरं सोन्यासाठी फोडतात ही अफवा नव्हे. २०११ ते २०१४ च्या दरम्यान टेक्सास, जॉर्जिया, ओहायो, मिशिगन, न्यूयॉर्क इथं भारतीय आणि आशियाई वंशाच्या लोकांची घरं हेरून दरोडे घालणारी एक टोळी होती. तिची म्होरकी ह्यूस्टनची एक बाई. तिला २०१९ मध्ये ३७ वर्षांची शिक्षा झाली. घरात घुसून, मुलांसमोर माणसांना बांधून ठेवायचे. तुझी भीती खरी आहे. मात्र ते लोक येतात सोन्यासाठी, तर पाटल्या, तोडे, सूनबाईचा राणीहार हे सगळं बँकेच्या लॉकरमध्ये टाक आणि ताईला सांग की येताना अंगावर दागिने घालून येऊ नकोस. हे केल्यावरही पिस्तूल हवंसं वाटत असेल तर ठेव. तो तुझा निर्णय. ते कसं ठेवायचं यावर मात्र मी गप्प बसणार नाही, कारण निवृत्त होईपर्यंत मी मुलांच्या इमर्जन्सी विभागात काम केलं आणि "वरच्या कप्प्यात होतं" हे वाक्य मी तुझ्या आधी ऐकलेलं आहे.

एक बाप आठवतो. मुलगा आत होता, डॉक्टर त्याच्याभोवती होते आणि फॉर्म भरून घ्यायचं काम माझ्याकडे होतं. मी विचारत होते जन्मतारीख, ॲलर्जी, शेवटचं कधी खाल्लं. तो माणूस एकाही प्रश्नाचं उत्तर देईना. नुसता हात वर करून दाखवत होता, एवढ्या उंचावर होतं, एवढ्या. उंच माणूस होता, टाचा वर करून दाखवत होता. थोड्या वेळानं त्याची बायको आली आणि म्हणाली, "खुर्ची ओढलीन त्यानं." मुलगा चार वर्षांचा होता. याच्या पुढचं मी तुला सांगणार नाही.

बिस्किटांचा डबा फडताळात कितीही वर ठेवला तरी तू तो काढायचास. एकदा पोहोचलास ते पिठाच्या डब्यावर चढून. आपण सगळ्यांनी कौतुक केलं होतं, पोरगं हुशार आहे म्हणून. छकुली तुझीच मुलगी आहे. लपवलेली वस्तू मूल शोधतं आणि उंचावरची काढतं. त्याला अडवतं ते फक्त कुलूप. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, पण तू वाद घालणार म्हणून पुढचं लिहिते.

तुझा पहिला वाद मला पाठ आहे: "मुलांना ते कुठे आहे हे माहीतच नाही." २००६ मध्ये अलाबामाच्या ग्रामीण भागातला एक अभ्यास छापून आला होता. बंदूक असलेल्या घरांतले पालक आणि मुलं यांना वेगवेगळं बसवून तेच प्रश्न विचारले. आमच्या मुलाला जागा माहीत नाही असं ज्या पालकांनी सांगितलं, त्यांच्यातल्या ३९ टक्क्यांच्या मुलांना ती माहीत होती. मुलानं हात कधी लावला नाही म्हणणाऱ्यांपैकी २२ टक्क्यांच्या मुलांचा हात लावून झाला होता. हे पालक खोटं बोलत नव्हते, त्यांना खरंच तसं वाटत होतं.

दुसरा वाद: "मी त्यांना नीट समजावून सांगितलंय." समजावलंस ते उत्तम केलंस, पण त्यावर विसंबू नकोस. अटलांटामध्ये ८ ते १२ वयाच्या ६४ मुलग्यांना दोघातिघांच्या गटानं एका खोलीत पंधरा मिनिटं सोडलं होतं. ड्रॉवरमध्ये पाण्याची दोन पिस्तुलं आणि गोळ्या नसलेलं एक खरं पिस्तूल. काचेआडून डॉक्टर बघत होते. ४८ जणांना खरं सापडलं, त्यातल्या ३० जणांनी ते हाताळलं आणि १६ जणांनी चाप ओढला. सापडलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना ते खेळणं वाटलं होतं, किंवा खरं की खोटं ते कळत नव्हतं. आणि हात लावणाऱ्यांतल्या दहात नऊहून जास्त मुलांना आधी कुणी ना कुणी बंदुकीबद्दल शिकवलेलं होतं. आपला थोरला याच वयाचा आहे. छकुलीच्या बोटांत जोर नाही असं म्हणशील, तर तेही मोजून झालंय: पाच-सहा वर्षांच्या मुलांपैकी सत्तर टक्क्यांना बहुतेक पिस्तुलांचा चाप ओढता येतो, तीन-चार वर्षांच्यांपैकी चौथ्या हिश्शाला येतो. लहान मुलाच्या मुठीत दस्ता मावत नाही, म्हणून ते कधीकधी पिस्तूल उलटं धरून अंगठ्यानं चाप दाबतं. उलटं म्हणजे तोंड स्वतःकडे, हे लिहायला नकोच.

तिसरा वाद तू फोनवर घातलाच होतास: "आजोबांच्या घरी भिंतीला बंदूक टांगलेली होतीच की, आम्ही सगळी नातवंडं तिथेच खेळत होतो." होती ना. मी त्याच घरात वाढले. ती ठासणीची बंदूक, शेतीच्या राखणीच्या परवान्यावरची, डुकरं आणि माकडं हाकायला. टांगलेली असायची ती रिकामी. दारू वेगळ्या डब्यात, छर्रे वेगळ्या, आणि केपा आजोबांच्या पेटीत, जिची किल्ली त्यांच्या करगोट्याला. बार काढायचा तर आधी नळीत दारू ओतायची, चिंधी कोंबायची, छर्रे घालायचे, गजानं ठासायचं आणि मग घोड्याखाली केप बसवायची. आजोबांना स्वतःला तेवढ्यात बिडी ओढून व्हायची. डुक्कर केव्हाच पसार. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करून पावती घ्यावी लागायची. शिकारीत डुक्कर समजून माणसावर बार झाल्याच्या बातम्या तिकडूनही येतात, नाही असं नाही. पण मुलाच्या हाती ती भिंतीवरची लागली तर ती लाकूड आणि लोखंड एवढीच. तुझ्या पिस्तुलात दारू, छर्रे, केप, सगळं काडतुसात आधीच भरून आलेलं आहे. उरलंय ते एक बोट.

आणि घर कुठलं, तेही बघ. आपली घरं साहेबाच्या घरासारखी नसतात, बेडरूम ही आपल्याकडे खासगी जागा नाहीच. गणपतीला, हळदीकुंकवाला, पॉटलकला तुझ्याकडे चाळीस माणसं येतात. सगळ्यांचे कोट आणि पर्सा वरच्या मजल्यावर तुमच्या पलंगावर. मोठी माणसं खाली वरण-भात आणि क्रिकेटमध्ये, आणि झाडून सगळी पोरं वर, लपाछपी खेळत. लपायची सर्वांत चांगली जागा म्हणजे तुझं ते कपडे ठेवायचं कपाट, ज्याच्यात माणूस उभा राहतो. ती पोरं तुझी नाहीत. त्यांना तू काहीही समजावलेलं नाहीस.

त्यात ताई आणि भाऊजी पुढच्या महिन्यात येताहेत, सहा महिन्यांसाठी. ताईला तू ओळखतोस. जेटलॅग उतरायच्या आत ती तुमची कपाटं लावायला घेईल. "किती पसारा हा" म्हणत वरचा कप्पा रिकामा करेल आणि पिस्तूल कापडात गुंडाळून सोईच्या जागी ठेवेल. तुला न सांगता. सोईची जागा म्हणजे तिच्या गुडघ्यांना सोईची, पर्यायानं छकुलीच्या उंचीची. भाऊजींबद्दल आणखी एक, कारण तुमच्यात ही हौस असते: वडील आले की रेंजवर न्यायचं, हातात द्यायचं, फोटो काढायचा. पर्यटक व्हिसावर आलेल्या माणसानं बंदूक बाळगणं हा इथे, ठरावीक अपवाद वगळता, संघीय गुन्हा आहे. तुझं ग्रीन कार्ड आहे, त्यांचं नाही. त्या फंदात पडू नकोस.

आता करायचं काय ते. पिस्तूल विकत घेतलंस तेव्हा खोक्यात एक तारेचं कुलूप आलं असणार. २००५ च्या कायद्यानं दुकानदाराला असं काहीतरी कुलूप द्यावंच लागतं. तुझं अजून प्लास्टिकच्या पिशवीत असेल, मी पैज लावते. मिशिगनमधल्या ऑक्सफर्डला २०२१ च्या नोव्हेंबरात पंधरा वर्षांच्या मुलानं शाळेत चार मुलं मारली. पिस्तूल त्याच्या बापानं चारच दिवसांपूर्वी घेतलं होतं. पोलिसांना तारेचं कुलूप न उघडलेल्या पाकिटात सापडलं. आईबाप दोघांनाही २०२४ मध्ये सदोष मनुष्यवधासाठी १० ते १५ वर्षांची शिक्षा झाली. त्या घरातल्या एका छोट्या तिजोरीचा आकडा कारखान्यातून आला तसाच होता, शून्य शून्य शून्य.

तेव्हा आजच रात्री, मुलं झोपल्यावर, पिस्तुलाचं तोंड सुरक्षित दिशेला धरून आधी मॅगझिन काढ. तिथे थांबू नकोस. मॅगझिन काढलं तरी एक गोळी चेंबरमध्ये राहू शकते आणि "रिकाम्या" पिस्तुलातून सुटते ती हीच. स्लाइड मागे ओढून अडकव, चेंबरमध्ये डोळ्यांनी बघ, बोट घालून बघ. मग ती तार आत ओवून कुलूप लाव. गोळ्या दुसऱ्या कुलपात. कुलूपबंद, रिकामं आणि गोळ्या वेगळ्या कुलपात, या एकेका गोष्टीनं मुलांचे अपघात आणि आत्महत्या कमी होतात असं २००५ च्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं होतं. सगळ्या एकत्र केल्या तर उत्तमच. "त्याला सेफ्टी आहे" असं मला सांगू नकोस. तुझ्या प्रकारच्या बऱ्याच पिस्तुलांना बाहेरून लावायची सेफ्टी नसतेच, असते ती चापातच, आणि चाप दाबला की तीही दाबली जाते.

तू म्हणशील की मध्यरात्री दार फुटलं तर कुलपं उघडत बसू का? ठीक आहे. त्यासाठी बटणांची छोटी तिजोरी मिळते, अंधारात चाचपून काही सेकंदांत उघडते. तुला भरलेलंच ठेवायचं असेल, आणि मला ते पसंत नाही, तर निदान ते त्या तिजोरीत असू दे, उशीखाली किंवा खणात नको. छकुली अजूनही वाईट स्वप्न पडलं की तुमच्या पलंगावर येते ना? ती तिजोरी हलकी असते, मुलं उचलून आपटतात, म्हणून भिंतीला किंवा पलंगाच्या चौकटीला बोल्टनं आवळ. बोटाच्या ठशानं उघडणारी स्वस्तातली घेऊ नकोस. २०२३ च्या ऑक्टोबरात अशा सुमारे ६१ हजार तिजोऱ्या सरकारच्या ग्राहक सुरक्षा आयोगानं परत मागवायला लावल्या. ठसा नोंदवला नाही किंवा नोंदवला असं वाटलं तरी त्या कुणाच्याही बोटानं उघडत होत्या. बारा वर्षांचा एक मुलगा त्यात गेल्याचं प्रकरण कोर्टात होतं. कुठलीही घेतलीस तरी सूनबाईच्या, थोरल्याच्या, शेजाऱ्याच्या बोटानं उघडून बघ.

गाडीतही ठेवू नकोस. आणि पर्समध्ये तर नाहीच, सूनबाईलाही हे वाचायला दे. ३० डिसेंबर २०१४ ला आयडाहोतल्या हेडन गावी एका मोठ्या दुकानात दोन वर्षांच्या मुलानं ट्रॉलीत बसल्या बसल्या आईच्या पर्समधलं पिस्तूल काढलं आणि गोळी सुटली. ती अणुसंशोधनाच्या प्रयोगशाळेत काम करणारी बाई. परवाना होता, सराव होता, पर्ससुद्धा बंदुकीसाठी खास कप्पा असलेली आणि कप्प्याला चेन. ती तिथेच गेली. निष्काळजी माणसांच्या घरीच असं होतं ही समजूत मला सगळ्यांत घातक वाटते.

थोरल्याबद्दल लिहायचं मी लांबणीवर टाकत होते. तो तेरा वर्षांचा होईल. २०२० पासून या देशात १ ते १९ वयाच्या मुलांच्या मृत्यूचं पहिलं कारण बंदूक आहे. आधी गाड्यांचे अपघात होते. खेळता खेळता सुटलेल्या गोळीनं झालेले मृत्यू त्यात थोडे, बाकीचे खून आणि आत्महत्या. आत्महत्या हा शब्द आपल्या घरात कुणी उच्चारत नाही, पण इथल्या आपल्या मुलांवर मार्कांचं, स्पर्धांचं, कॉलेजच्या नावांचं काय ओझं असतं ते तू स्वतः बघतोस. तुमच्या टेक्सासमधल्या ह्यूस्टनमध्येच १३ ते ३४ वयाच्या, मरता मरता वाचलेल्या लोकांना विचारलं होतं की ठरवल्यापासून कृती करेपर्यंत किती वेळ गेला. चारातल्या जवळजवळ एकानं पाच मिनिटांपेक्षा कमी असं सांगितलं. एवढी छोटी ती लाट असते, आणि बरेच जण ती ओसरल्यावर पुढे नीट जगतात. बंदूक हाती असली तर दहातले जवळजवळ नऊ वाचत नाहीत. तिजोरीचा आकडा त्याला कळता कामा नये, हे त्याच्यावरच्या अविश्वासामुळे नव्हे. आणि "आता तू मोठा झालास, घराची जबाबदारी तुझी" म्हणून कौतुकानं त्याला सांगूही नकोस. तो कधी फार गप्प गप्प वाटला, तर पिस्तूल काही दिवसांसाठी घराबाहेर कुठे ठेवता येईल ते तुमच्या पोलिसांना विचार, आणि त्याच्याशी सरळ बोल. ९८८ या संकटातल्या मदतवाहिनीवर रात्री-अपरात्री फोन लागतो.

कायद्याची भीती तुला घालायची नाही, पण तुमच्या टेक्सासचा कायदा १९९५ पासून आहे. भरलेली बंदूक सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती पडेल अशी ठेवली आणि मुलानं ती मिळवली तर तेवढ्यावरही गुन्हा, दंड. गोळी सुटून कुणी मेलं किंवा जबर जखमी झालं तर एक वर्षापर्यंत तुरुंग. शिक्षा तशी हलकीच आहे. ज्यांच्या घरी झालं त्यांना ती वाचायची शुद्धसुद्धा नसते.

शेवटचं काम तुला अवघड जाईल, कारण आपल्याला विचारायची लाज वाटते. थोरला शुक्रवारी ज्या मित्राकडे झोपायला जातो, त्यांना विचार. मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, कुत्र्याची भीती आहे, असं आपण सांगतोच ना. त्याच दमात म्हण, "आमच्याकडे पिस्तूल आहे, कुलपात असतं. तुमच्याकडे आहे का, आणि कसं ठेवता?" स्वतःचं आधी सांगितलंस की समोरचा चिडत नाही. टेक्सासमध्ये तर मुळीच नाही, उलट तिजोरी कुठली घेतली यावर अर्धा तास बोलेल. आणि तुझ्याकडे येणारे आपले लोक विचारणार नाहीत, तेव्हा त्यांना तूच सांग.

भाऊजींच्या औषधांच्या गोळ्यांची यादी वेगळी पाठवते आहे. ताईचे गुडघे धरलेत, तिला वरच्या मजल्यावरची खोली देऊ नकोस.

तुझी,
मावशी

ता. क. तिजोरीबरोबर एक जादा किल्ली येते, बॅटरी संपली तर उघडायला. ती देवघरात ठेवू नकोस, ताईला पहिल्याच दिवशी सापडेल. आणि आकडा छकुलीची जन्मतारीख नको. तुझ्या फोनचा, गॅरेजचा आणि टीव्हीचा तोच आहे हे मला इथे बसून माहीत आहे, तर थोरल्याला नसेल का?